कुंडीतलं पाणी आणि कुंडीतली हवा

बेंगळुरूच्या पूर्वेकडचं इंदिरानगर आखलं गेलं ते 1970च्या दशकाच्या अखेरीस, बंगल्यांची वसाहत म्हणून. पुढे अंगण, मागे परसू आणि कुंपणाला लागून नारळ किंवा आंबा, अशी तिथल्या घरांची मूळ मांडणी होती. 2011 साली मेट्रो आली. 100 फुटी रस्ता, सीएमएच रस्ता आणि 12वा मेन हे तोवर दुकानं, उपाहारगृहं आणि कचेऱ्यांचे रस्ते होऊ लागलेच होते. एकेका बंगल्याच्या भूखंडावर चार मजले उभे राहिले, तळमजला मोटारींना गेला आणि माती काँक्रीटखाली गेली. झाडं लावायची हौस मात्र गेली नाही, ती बाल्कनीत, गच्चीवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर चढली. म्हणजे आज इंदिरानगरातली घरगुती बाग ही मुख्यतः कुंड्यांची बाग आहे. जमिनीवरच्या झाडाला जे नियम लागू पडतात ते कुंडीतल्या झाडाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि कुंडीतली बहुतेक झाडं मरतात ती हा फरक लक्षात न घेतल्यामुळे. त्या फरकाचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे झाडाला वरून पाणी ओतण्याऐवजी खालून पाणी देणारी कुंडी. रोपवाटिकांमध्ये ती ‘सेल्फ वॉटरिंग पॉट’ या नावानं विकली जाते. चैनीची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं. माझ्या मते बेंगळुरूसारख्या शहरात कुंडीची हीच रीत सर्वसाधारण व्हायला हवी.

आधी साध्या कुंडीत काय घडतं ते पाहू. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, कारण मुळं श्वसन करतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा या दोघांना राहायचं असतं. जमिनीत जादा पाणी खोलवर उतरून जातं, पोकळ्या पुन्हा मोकळ्या होतात. कुंडीला मात्र तळ असतो. पाणी तळाच्या भोकातून गळून थांबलं तरी तळाशी काही सेंटिमीटर जाडीची ओलीचिंब पट्टी शिल्लक राहते. तिथल्या पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि त्याला खाली खेचणारी पुढची माती नसते. ही पट्टी किती जाड असेल हे मिश्रणावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून कुंडी जितकी उथळ, तितका तिचा मोठा हिस्सा कायम चिंब. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात बारीक पोकळ्यांतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ती चिंब पट्टी खडीच्या वर सरकते, आणि मुळांना मिळायची जागा तेवढी कमी होते. याउलट वरचा थर उन्हानं आणि वाऱ्यानं लवकर सुकतो. माणूस पाहतो तो हाच वरचा थर. तो कोरडा दिसला की माणूस पुन्हा झारी उचलतो, आणि खाली आधीच घुसमटलेल्या मुळांवर आणखी पाणी पडतं. पानं पिवळी पडून माना टाकतात, हे लक्षण तहानेचंही असतं आणि बुडण्याचंही. मग ‘पाणी कमी पडलं’ असा निष्कर्ष निघतो आणि झाड जातं. दोष माणसाच्या निष्काळजीपणाचा नसतो. एकाच मातीनं पाण्याची टाकीही व्हायचं आणि हवेची वाटही राहायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

खालून पाणी देणाऱ्या कुंडीत ही दोन कामं वेगळी केलेली असतात. खाली पाण्याचा बंद कप्पा, त्यावर छिद्रं असलेली चाळण, चाळणीवर मातीचं मिश्रण. मिश्रणाचा एक छोटा स्तंभ, किंवा नायलॉन अथवा पॉलिस्टरच्या दोरीची वात, त्या पाण्यात बुडलेली. समईत तेल वातीतून ज्योतीपर्यंत चढतं तसंच पाणी इथे मुळांपर्यंत चढतं. दोन्हीकडे काम करतं ते केशाकर्षण. त्याचा हिशोब सोपा आहे. 1 मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण 3 सेंटिमीटर चढतं, आणि नळी दहापट बारीक, म्हणजे 0.1 मिलिमीटरची केली तर 30 सेंटिमीटर. माती म्हणजे अशा असंख्य वेड्यावाकड्या नळ्यांची गुंफण. मिश्रण फार भरड असेल तर पाणी वर चढत नाही, चिकणमातीसारखं घट्ट असेल तर चढतं पण हवेला जागा उरत नाही. कोकोपीट आणि खताचं भुसभुशीत मिश्रण या दोहोंच्या मधलं बसतं. त्यात 25-30 सेंटिमीटरपर्यंतची खोली आरामात ओली राहते. यातली खरी खुबी चाळणीखालच्या हवेच्या फटीत आहे. कप्प्याच्या वरच्या काठाला, चाळणीच्या थोडं खाली, बाजूला एक भोक असतं. त्या पातळीच्या वर पाणी साचूच शकत नाही. त्यामुळे वातीचा भाग सोडला तर मिश्रणाचा तळ पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा नेहमी वर राहतो, आणि साध्या कुंडीच्या तळाशी असते तितकी जाड चिंब पट्टी तिथे राहत नाही. पातळी जसजशी उतरते तसतशी मिश्रणातून पाणी खेचलं जातं आणि मागे हवा आत येते. झाड जेवढं पिईल तेवढंच पाणी वर येतं.

ही कल्पना कुठल्या कंपनीनं शोधलेली नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या एका चिनी कृषिग्रंथात सच्छिद्र मडकी जमिनीत पुरून, त्यांतून पाझरणाऱ्या पाण्यावर वेल वाढवण्याची रीत दिलेली आहे. आपल्याकडचं मटका सिंचन तेच. मडक्याभोवतीची माती सुकली की ती पाणी ओढते, ओली असली की पाझर मंदावतो. 1970च्या दशकात हरियाणातल्या कर्नाल इथल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मोंडल यांनी या मडक्यांच्या शेतीवर पद्धतशीर प्रयोग केले. मेक्सिकोतल्या चिनाम्पा, म्हणजे कालव्यांच्या मधोमध गाळानं उभारलेले वाफे, हेदेखील कालव्याचं पाणी खालून शोषूनच पिकतात. आज विकत मिळतात त्या पेट्यांचं रूप लोकप्रिय केलं ते फ्लोरिडातल्या ब्लेक व्हिझनंट या टोमॅटो उत्पादक शेतकऱ्यानं, 1990च्या दशकात. म्हणजे तत्त्व जुनं, शेतकऱ्यांच्या हातून आलेलं. शहरानं त्यात भर घातली ती फक्त प्लॅस्टिकच्या कप्प्याची.

आता पाण्याचा प्रश्न, कारण बेंगळुरूत तो टाळून बागेविषयी बोलता येत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, जवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी टी. के. हळ्ळी इथून उचललं जातं आणि तिथून तीन टप्प्यांत पंप करून, सुमारे 100 किलोमीटर अंतर आणि जवळपास 500 मीटर चढ पार करून, ते घरच्या नळाला येतं. मार्च 2024च्या टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याचं पाणी बागेला, गाड्या धुवायला, बांधकामाला आणि कारंज्यांना वापरायला बंदी घातली, दंड 5000 रुपये ठेवला. फेब्रुवारी 2025मध्ये पुन्हा तोच आदेश निघाला. दरम्यान ऑक्टोबर 2024मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याचा रोख मुख्यतः शहराच्या हद्दीत नंतर सामील झालेल्या 110 गावांकडे आहे. इंदिरानगरला कावेरीचं पाणी पूर्वीपासून मिळतं, बाहेरच्या उपनगरांइतकी झळ त्याला बसली नाही. पण ज्या शहरात एका टोकाला टँकरची वाट पाहिली जाते, तिथे दुसऱ्या टोकाला कुंडीतून वाहून जाणारं पाणी ही खासगी बाब राहत नाही. कुंडीतलं पाणी तीन वाटांनी जातं: तळातून गळून, मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन आणि झाडाच्या पानांतून. खालून पाणी दिल्यावर पहिली वाट बंद होते, पृष्ठभाग कोरडा राहिल्यामुळे दुसरी बरीच अरुंद होते. तिसरी तशीच राहते. उलट झाड जोमदार झालं तर ते जास्तच पिईल; गच्चीवरच्या उन्हातलं फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर सहज ओढतं. तेव्हा ‘या कुंडीला पाणीच लागत नाही’ ही जाहिरातीतली भाषा खोटी आहे. फरक एवढाच, की घातलेलं पाणी झाडातून जातं, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात नाही. आणि तपासण्याची पाळी रोज येत नाही, चार-आठ दिवसांनी येते. दिवाळीत पुण्याला किंवा बेळगावला आठवडाभर गेलेल्या कुटुंबाला ही सवड फार मोलाची आहे.

पहिला आक्षेप घेतला जातो तो मुळं कुजण्याचा: खाली सतत पाणी म्हणजे सतत ओल. आक्षेप अगदी निराधार नाही, पण तो लागू पडतो चुकीच्या मिश्रणाला आणि चुकीच्या झाडाला. बागेतली लाल माती या कुंडीत भरली तर ती पाणी धरून बसते, दबते आणि मुळं खरोखर कुजतात. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडं परलाइट किंवा भाताचा तूस, असं हलकं मिश्रणच हवं. या भागात ते मिळायला अडचण नाही. तुमकूर-तिपटूरचा नारळपट्टा शेजारी आहे, आणि हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं आंबवलेलं कोकोपीट ‘अर्का’ या नावानं विकसित केलं आहे. (या संस्थेच्या वाणांच्या नावांत येणारं ‘अर्का’ हे जवळच्या अर्कावती नदीवरून आलेलं आहे.) मराठी वाचकाला हलकी माती घरी तयार करण्याची कल्पना नवी नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यातून भुसभुशीत, जिवंत माती घडवण्याचा ध्यास अनेक घरांत रुजवला. झाडांची निवडही तितकीच महत्त्वाची. टोमॅटो, मिरची, पालक, पुदिना, ब्राह्मी, गवती चहा यांना ही पद्धत मानवते. अळूसाठी तर याहून चांगली कुंडी नाही. घरातल्यांपैकी मनी प्लांट, पीस लिली, सिंगोनियम, नेचे हे खूश राहतात. कोरफड, निवडुंग, अडेनियम, स्नेक प्लांट आणि पानओवा, ज्याला कन्नडमध्ये दोड्डपत्रे म्हणतात, यांना मधेमधे पूर्ण कोरडं व्हायला लागतं. त्यांना साध्या मातीच्या कुंडीतच ठेवावं. तुळशीच्या बाबतीतही माझं मत साध्या वृंदावनाच्या बाजूनं आहे.

घराच्या आत हिशोब थोडा बदलतो. उजेड कमी, वारा कमी, म्हणून झाड कमी पितं. गच्चीवर पाच दिवसांत संपणारा कप्पा दिवाणखान्यात तीन आठवडे पुरतो. तिथे कप्पा रिकामा झाल्याबरोबर भरू नये. दोन-चार दिवस कोरडा राहू द्यावा, त्या काळात मिश्रणात खोलवर हवा शिरते. 12व्या मेनवरच्या कॅफेंमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये ठेवलेली झाडं जास्त पाणी मिळून मरतात ती याच कारणानं: जो येतो तो थोडं पाणी घालून जातो. पातळी दाखवणारा तरंगता दांडा कुंडीला असला तर हा प्रकार थांबतो. एक फायदा मात्र घराच्या आत जास्त जाणवतो. वरचा थर कोरडा राहिल्यामुळे ओल्या मातीत अंडी घालणाऱ्या बारीक काळ्या चिलटांना जागा मिळत नाही.

दुसरा आक्षेप डासांचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. 2024 साली कर्नाटकात डेंग्यू इतका पसरला की सप्टेंबरमध्ये राज्यानं त्याला साथरोग म्हणून अधिसूचित केलं आणि आवारात डासांची पैदास आढळल्यास शहरी घरांना 400 रुपये दंड लावला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण गटारापेक्षा घरातलं स्वच्छ, साठलेलं पाणी पसंत करतो. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी पाणी आटल्यावरही महिनोन्‌महिने टिकतात. मग आठवडाभर पाणी साठवणारी कुंडी म्हणजे डासांची सोय नाही का? कप्पा उघडा असेल तर नक्कीच आहे. पण तुलना करायची तर साध्या कुंडीखालच्या बशीशी करावी. ती बशी उघडी, उथळ, सावलीतली आणि कुणाचंच लक्ष नसलेली असते. आरोग्य कर्मचारी घरी आले की आधी तीच पाहतात. बंद कप्प्याला बाहेरचे रस्ते दोनच, पाणी भरायची नळी आणि जादा पाण्याचं भोक. नळीला घट्ट टोपण आणि भोकाला 1 मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावली की डासाला आत जाता येत नाही. बाजारातल्या अनेक स्वस्त कुंड्यांना यांतलं काहीच नसतं, आणि भरण्याचं तोंड तर चक्क उघडं असतं. अशी कुंडी घेऊच नये, किंवा घेतल्याच्या दिवशीच तिला जाळी बसवावी. जाळी फाटली आहे का, हे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघणं ही या पद्धतीची अट आहे. ती पाळता येणार नसेल तर खालून पाणी देण्याच्या फंदात पडू नये, हे मी स्पष्टपणे म्हणेन.

तिसरी अडचण क्षारांची. तिच्याविषयी फार थोडं बोललं जातं, आणि बेंगळुरूत ती हमखास येते. वरून पाणी घातलं की मातीतले क्षार धुऊन तळातून निघून जातात. खालून दिलेलं पाणी फक्त वर चढतं, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. काही महिन्यांनी मिश्रणाच्या पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा दिसू लागतो, पानांच्या कडा करपतात. कूपनलिकेचं पाणी कठीण असतं, त्यामुळे तिथे हे लवकर घडतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालण्याची काटकसर अनेक घरांत आहे. तिच्यामागचा हेतू चांगला असला तरी त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार एकवटलेले असतात, आणि या कुंडीत तर ते साठतच जातात. ते पाणी फरशी पुसायला वापरावं. उपाय म्हणजे अधूनमधून वरून भरपूर, कमी क्षारांचं पाणी ओतून मिश्रण धुऊन काढणं. गच्चीवर हे काम पाऊस फुकटात करतो. बेंगळुरूला मे महिन्यातल्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस मिळतो, आणि भोकातून जादा पाणी निघून जात असल्यानं मुसळधार सरीतही कुंडी बुडत नाही. मार्चपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत साठलेले क्षार पहिल्या चार-पाच मोठ्या सरींत उतरतात. घरातल्या कुंड्यांना मात्र वर्षातून दोन-तीनदा गच्चीवर किंवा न्हाणीघरात नेऊन हे मुद्दाम करावं लागतं. खतही म्हणून मोजकंच हवं. जीवामृतासारखं पातळ खत कप्प्यात ओतू नये, तिथे हवा नसल्यानं ते सडतं आणि वास येतो. खत मिश्रणात आणि पृष्ठभागावर द्यावं.

प्लॅस्टिक कशाला, असंही विचारलं जातं. योग्य प्रश्न आहे. कप्पा पाणी धरणारा हवा म्हणून प्लॅस्टिक सोयीचं पडतं, पण रंगाच्या रिकाम्या बादल्यांचा पुनर्वापर करता येतो (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या, टर्पेंटाइनच्या रंगाच्या नाहीत). त्याहून सुंदर पर्याय मटक्याचा. मोठ्या कुंडीच्या मध्यभागी न चकाकवलेलं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, त्यात पाणी भरून तोंड झाकायचं. इंदिरानगरपासून काही किलोमीटरवर, बेन्सन टाउनला लागून, पॉटरी टाउन नावाची कुंभारांची वस्ती आहे. अशी मडकी तिथे मिळतात, आणि तो पैसा शहरातल्याच कारागिराकडे जातो. वजनाचा विचार मात्र सगळ्याच कुंड्यांना लागू. 20 लिटरची भरलेली बादली 15 ते 20 किलो भरते. चाळीसेक वर्षं जुन्या घरांच्या गच्चीवर त्या मधोमध न ठेवता भिंतीलगत आणि तुळईवर ठेवाव्यात, आणि पुढे आलेल्या बाल्कनीच्या कडेला गर्दी करू नये.

करून पाहायचं असेल तर दोन सारख्या बादल्या एकात एक बसवा. आतल्या बादलीच्या तळाला छिद्रं पाडा आणि मधोमध मोठं छिद्र करून त्यात भोकं पाडलेला डबा खाली लोंबता बसवा. तो मिश्रणानं दाबून भरला की तीच वात. कडेनं पीव्हीसीचा पाइप बाहेरच्या बादलीच्या तळापर्यंत उतरवा, त्याला टोपण बसवा. आतल्या बादलीच्या तळाच्या पातळीखाली बोटभर अंतरावर, बाहेरच्या बादलीला भोक पाडून जाळी लावा. मिश्रण आधी भिजवून भरा, कारण सुकं कोकोपीट पाणी ओढत नाही. रोपाची मुळं खाली पोहोचेपर्यंत पहिले दोन आठवडे वरूनही पाणी द्या आणि पृष्ठभागावर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. बेंगळुरूत याला उत्तम वेळ डिसेंबर-जानेवारी. तेव्हा लावलेलं रोप मार्चच्या उन्हाआधी मुळं धरतं. सुरुवात एकाच बादलीनं करा, शेजारी त्याच रोपाची एक साधी कुंडी ठेवा आणि एप्रिलअखेर दोन्हींना किती पाणी लागलं ते स्वतः मोजून ठरवा.